सावलीत सुकवलेली पळसाची फुलं

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. आता माय जे सांगायची त्यावरून अडतीस, कागद कुठंच नाही. शाळा दुसरीपर्यंत झाली. अक्षर वाकडं येतं, पण हे मीच लिहितो आहे. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी नाही म्हटलं. चूक माझी होती, ती दुसऱ्याच्या अक्षरात काहून उतरवायची?

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या अंगाला राहायचो. धंदा पळसाचा. आधी फुलं, ती झाली की पानं. पानांच्या पत्रावळी माझी बायको आणि शेजारच्या दोघी टाचायच्या. फुलं मात्र माझी. त्यात मी कोणाचा हात लागू द्यायचो नाही. माघ सरत आला की सायकलला दोन पोती बांधायची आणि अंधारातच सावनेरच्या रस्त्याला लागायचं. कोराडी सोडली की दोन्ही बाजूंनी पळस. पान एक नाही, नुसती फुलं. सूर्य वर यायच्या वेळेला ते झाड असं दिसायचं की सायकलवरून उतरावंच वाटायचं. मी उतरायचो पण. चार मिनिटं नुसता उभा राहायचो. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, लोक हसले असते.

फूल तोडायचं कसं, तर देठाजवळची काळी टोपी अंगठ्यानं उडवायची आणि केशरी तेवढं ठेवायचं. दव असेपर्यंत तोडायचं, ऊन चढलं की पाकळी चुरते. घरी आणून गोणपाटावर पसरायचं. आणि मग माझ्या बापाची रीत, ती इतवारीच्या अख्ख्या बाजारात दुसऱ्या कोणाकडं नव्हती. पापडखार पाण्यात विरघळवायचा आणि ते पाणी हाताच्या बोटांनी फुलांवर शिंपडायचं. दोनदा. एकदा ओली असताना, एकदा अर्धी सुकल्यावर. खारानं रंग वर येतो. साध्या फुलाचं पाणी पिवळट होतं, आमच्या फुलाचं लालबुंद केशरी. होळीच्या आधी इतवारीतले दुकानदार पोतं उघडून मूठभर फुलं तांब्यात टाकून बघायचे आणि मान हलवायचे. ती मान हलवणं म्हणजे माझी वर्षाची मजुरी वसूल.

पण त्या सालापर्यंत पुडीतला रंग आला होता. हिरवा, जांभळा, चमकणारा. पोरांना तोच पाहिजे. आमचं एक पोतं खपायचं तिथं पाव पोतं खपायला लागलं. अशा वेळी त्या बाई आमच्या दारात आल्या.

बाई कॉलेजात शिकवायच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, चष्मा, सुती पातळ, हातात कापडी पिशवी. राहायला धंतोलीत. तेव्हाची धंतोली वेगळी होती, आजच्यासारखी दवाखान्याला दवाखाना लागलेली नव्हती. कुंपणाच्या आत पेरूची झाडं असायची आणि दुपारी रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी दोन गल्ल्या ऐकू जायचं.

त्यांनी कोणाकडून तरी माझ्या बापाबद्दल ऐकलं होतं. माझा बाप आदल्या सालीच गेला, पण जाईपर्यंत ताठ होता. ऐंशीच्या पुढं असेल. दात शाबूत, दोन पोती पाठीवर. चैत्रभर रोज सकाळी पळसफुलाचं पाणी प्यायचा, आणि सांगायचा की माझी कातडी या पाण्यानं टिकली.

बाई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरातली माणसं उशिरा म्हातारी होतात म्हणे. काय खाता तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत आमच्या घरच्या मालकीणबाई, म्हणजे माझी बायको, आतून बोलल्या, "खात काही नाही हो मॅडम, ह्यायले राग येते. रागानं माणूस सुकते, सुकलेलं लवकर सडत नाही."

"चूप वं," मी म्हटलं.

बाई मात्र खूप हसल्या. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. म्हणाल्या, "भाऊ, आपल्या शरीरात रोज कचरा तयार होतो. तो साफ करायला शरीरात कामगार असतात. त्यांना विकर म्हणायचं, एन्झाइम. तरुणपणी हे कामगार जोरात काम करतात. वय झालं की आळसावतात, कचरा साचतो, माणूस थकतो. काही काही झाडांत असं काहीतरी असावं की ते या कामगारांना हलवून उठवतं. पळसात ते आहे की नाही, मला बघायचंय."

"आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माहा बाप होता ना."

"एका बापावरून सिद्ध होत नाही, भाऊ."

मला ते लागलं. पण त्या गोड बोलल्या होत्या म्हणून सोडून दिलं. त्या दिवशीच तोडून आणलेली ओली फुलं कोपऱ्यात होती, अजून खार शिंपडायचा होता. त्यातली चार मुठी कागदाच्या पुडीत बांधून दिली. जाताना म्हणाल्या, "याचा उपयोग झाला तर मला पोतंभर लागतील. सगळी एकाच झाडाची नकोत. आणि एक करा, फक्त सावलीत सुकवा. बाकी काही म्हणजे काही करू नका."

मी मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा निरोप आला, पुडीतल्या फुलांनी थोडा फरक दाखवला, आता पोतं पाठवा. थोडा! मी बायकोला म्हटलं, "थोडा म्हणते. घाईत बांधून देल्लेली फुलं ती, त्यायचा काय फरक दिसन? आता देतो तिले खरा माल."

मी तीन दिवस सावनेरच्या रस्त्यावर होतो. निवडून निवडून फुलं आणली. आणि सावलीतच सुकवली, तेवढं ऐकलं. पण पापडखार शिंपडला. दोनदाच्या जागी तीनदा.

बायको चुलीपुढून बघत होती. म्हणाली, "काहो, त्या मॅडमनं सांगतलं होतं ना, काही करू नका म्हणून?"

"तिले काय समजते फुलातलं? पुस्तकातली बाई ते. इतवारीतल्या शेटले देतो तो माल तिले नाही द्यायचा का?"

"माहा पापडखार संपवून राहिले तुम्ही. पापड कायचे करू, तुमच्या फुलायचे?"

मी ऐकलं नाही. मला खोटेपणा करायचा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मला त्यांना सगळ्यात चांगली वस्तू द्यायची होती. रंगात काम करणाऱ्या माणसाला चांगली वस्तू म्हणजे गडद वस्तू, एवढंच कळतं.

होळी झाली. आठवडाभरानं कॉलेजातला शिपाई सांगत आला की बाईंनी बोलावलंय. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि गेलो.

प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी यंत्रं असतील. तर नुसत्या काचेच्या नळ्या, लाकडी टेबल, आणि खिडकीत बाईंचा डबा. बकऱ्याचं काळीज त्या रोज सकाळी खाटकाकडून आणायच्या, ते वाटून त्याचं पाणी काढायचं. त्या पाण्यात ते कामगार असतात म्हणे, विकर. मग त्यात एक औषध टाकायचं, जखमेवर टाकलं की फसफसतं ते. विकर ते औषध फोडतं आणि फेस येतो. जेवढा फेस उंच, तेवढा कामगार जागा.

बाईंनी माझ्यासमोर करून दाखवलं. पहिल्या नळीत नुसतं काळजाचं पाणी. फेस चार बोटं. दुसऱ्या नळीत माझ्या पुडीतल्या फुलांचा अर्क. फेस पाच बोटं, त्यातही त्या म्हणाल्या कधी पाच, कधी साडेचार. मग तिसऱ्या नळीत पोत्यातल्या फुलांचा अर्क टाकला, आणि फेस नळी ओलांडून टेबलावर आला.

बाईंचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. "बघा भाऊ! दुप्पट! रोज करते, रोज दुप्पट! पुडीत एवढं नव्हतं, पोत्यात कुठून आलं कळत नाही. झाडाचा फरक असेल, की सुकवण्याचा?"

मी फेसाकडं बघत होतो. पापडात खार जास्त पडला की पीठ कसं फुगतं ते मला आठवलं. मला शास्त्र येत नाही. पण पुडीत आणि पोत्यात काय फरक आहे, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी टोपी काढून परत घातली.

त्यांनी चहा मागवला. पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठमोठ्या लोकांसमोर त्या हे वाचणार होत्या. त्यांची नोकरी तात्पुरती होती, दर वर्षी नवा कागद. वरचे साहेब म्हणायचे, पळस-बिळस काय करता, ही घरगुती कामं आहेत. आता हे काम वाचून दाखवलं की नोकरी पक्की होईल, असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी वही काढली. म्हणाल्या, "तुमच्याबद्दलही लिहिलंय. मराठीत सांगते." आणि बोट ठेवून वाचलं, "ही फुलं नागपूरच्या एका जाणकार माणसानं निवडून, सावलीत सुकवून दिली. त्यांवर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही."

चहा तसाच ठेवला. मी म्हटलं, काम आहे, आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणल्या मॅडम?"

"माहं नाव लिवलं. म्हणजे नाव नाही, जाणकार माणूस म्हणून लिवलं."

"मंग तोंड काहून असं? जाणकार आवडलं नाही का? शहाणा पायजे होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती पत्रावळ टाचत होती, काडी हातातच राहिली. म्हणाली, "त्या बाईले सांगा."

"सांगून काय करू? फेस तर आला ना. कोणाचं काय बिघडलं?"

"हैदराबादले कोणी दुसऱ्यानं फुलं आणून पाह्यलं, आन फेस नाही आला, त मंग?"

माझ्यासारख्या माणसाला चूक कळायला वेळ लागत नाही, ती दुसऱ्यासमोर बोलायला लागतो. तीन दिवस मी तोंडाला कुलूप लावून हिंडलो. बापावरच राग आला, ही रीत त्यानंच शिकवली म्हणून. मग बाईंवर राग आला, त्यांनी मला खार टाकता का म्हणून विचारलं काहून नाही? पण त्यांनी विचारायचं काही ठेवलंच नव्हतं, काही करू नका म्हणून सरळ सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पानं बघायला सावनेरच्या रस्त्याला गेलो, तर झाडांखाली फुलांचा सडा होता आणि फांद्या मोकळ्या व्हायला लागल्या होत्या. कुठं कुठं शेंड्यावर गुच्छ राहिले होते. मी सायकल धरून उभा राहिलो आणि मला एकदम समजलं. हे शेंडे झडले की बाईंना खरं काय ते बघायला पुढच्या माघापर्यंत थांबावं लागेल. तोवर खोटा फेस हैदराबादला जाऊन आलेला असेल आणि त्यावर त्यांचं नाव असेल. माझं तर नाव पण नाही त्यात.

तिथूनच मागं फिरलो. घरी थांबलो तेवढं बायकोकडून हळदीची पुडी घ्यायला. दुपारी कॉलेजात पोचलो.

बाई नळ्या धूत होत्या. म्हणाल्या, "या भाऊ, अजून एक पोतं मिळेल का?"

मी म्हटलं, "बाई, त्या पोत्यात खार आहे."

"कसला खार?"

"पापडखार. शिंपडला मी. तीनदा."

त्यांना पटेना. म्हणाल्या, तुमचा काही गैरसमज झाला असेल. मग मी पोतं टेबलावर झटकलं, खाली बारीक भुकटी पडली. बशीत हळद घेतली, पाण्याचे चार थेंब टाकले, आणि ती भुकटी बोटानं त्यात मिसळली. पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. रंगात काम करणाऱ्याला हे शेंबड्या पोराचं ज्ञान. बाई बशीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी कपाटातून एक कागदाची पट्टी काढली, पोत्यातल्या फुलांच्या अर्कात बुडवली. पट्टीचा रंग बदलला. पुडीच्या अर्कात बुडवली, बदलला नाही.

त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे फेस खारानं वाढला. विकरानं नाही."

मी उभाच होतो.

"भाऊ, मी सांगितलं होतं ना, काही करू नका?"

"सांगतलं होतं."

"मग?"

"मले वाटलं, तुमाले फुलातलं समजत नाही."

बाई एकदम हसतील किंवा ओरडतील असं वाटलं. दोन्ही केलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. डोळे ओले होते की काय, मी बघितलं नाही, खिडकीकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, "ही पट्टी मी पहिल्याच दिवशी बुडवायला हवी होती. फेस बघितला आणि आनंदात राहून गेलं. तुम्हाला काय बोलू."

"बोला ना. माह्यावर कोणी बोललं नाही त मले झोप नाही येत."

तेव्हा थोड्या हसल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"त तुमी वाचलं असतं."

त्यांनी वही उघडली आणि माझ्याबद्दलच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. तेवढं मात्र मला फार लागलं. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "झाडावर फुलं आहेत का अजून?"

"शेंड्यावर हायेत. दोन-चार दिवस."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, नाही तर वाचणारा विचारत बसेल. बाई त्या साली हैदराबादला गेल्या नाहीत. नव्या फुलांनी फेस थोडाच वाढला, कधी वाढला, कधी नाही. पुढच्या साली त्यांनी तेवढंच वाचलं, थोडा फरक दिसतो, नक्की सांगता येत नाही, असं. नोकरी पक्की व्हायला अजून दोन-तीन वर्षं लागली. मी दर माघात त्यांना फुलं देत राहिलो, कोरी, बिनखाराची. शहाऐंशी-सत्त्याऐंशीपर्यंत. मग त्या मुलाकडं परगावी गेल्या.

परवा नात मोबाईलवर वाचून दाखवत होती. फुलाफळांत काही द्रव्यं सापडली आहेत म्हणे, ती शरीरातल्या विकरांना जागं करतात आणि म्हातारपण लांबवू शकतात. कुठं द्राक्षाच्या सालीत, कुठं कांद्यात. मी विचारलं, "नक्की म्हणतात का कदाचित म्हणतात?" ती म्हणाली, "कदाचित म्हणतात, आजोबा." मी म्हटलं, मग ते लोक चांगले आहेत. माझा बाप पळसाच्या पाण्यानं टिकला की दोन पोती रोज उचलल्यानं, हे मला आता सांगता येणार नाही. तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं.

तर त्या दुपारी मी कॉलेजातून घरी आलो. बायकोनं विचारलं, "बोलल्या का?" मी म्हटलं, "नाही बोलल्या." ती म्हणाली, "मंग लयच चांगल्या बाई हायेत. मी त बोलली असती."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढली आणि सावनेरचा रस्ता धरला. कोराडी सोडून पुढं गेलो, पहिल्या पळसाला सायकल टेकवली, चपला काढल्या आणि झाडावर चढलो. अडतिसाव्या वर्षी चढायला लाज वाटली नाही. शेंड्यापर्यंत गेलो. फांदी वाकवून एकेक फूल तोडलं, काळी टोपी अंगठ्यानं उडवली आणि केशरी तेवढं कमरेच्या पंच्यात टाकत राहिलो. पंचा भरला की उतरायचो, पुढचं झाड धरायचो. ऊन चढेपर्यंत सात झाडं केली.

घरी येऊन फुलं छपराखाली धुतलेल्या धोतरावर पसरली आणि हात पाठीमागं बांधून बाजूला बसलो.